तीस फेमटोसेकंदांचा माणूस

डॉ. वाल्मीक बोडके लेझरवाले डॉक्टर आहेत, एवढंच त्यांच्या नातेवाइकांना माहीत आहे आणि तेवढ्यावर नातेवाइकांचं भागतं. सिन्नरकडे कुणाला मुतखडा झाला की पहिला फोन यांना. एका मावसभावाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिच्या हनुवटीवरची चामखीळ अचानक घरादाराला खुपायला लागली, तेव्हा दहा माणसं तिला घेऊन थेट नाशिकला, कॉलेजच्या फाटकावर हजर झाली. "तुझ्याकडं लेझर हाय ना? मग दोन मिन्टांचं काम!" सरांनी सगळ्यांना चहा पाजला आणि आपला लेझर माणसावर चालवायचा नसतो हे अर्धा तास समजावलं. मंडळी मान डोलवत परत निघाली. फाटकाबाहेर पडता पडता मावसभाऊ जे म्हणाला ते सरांना स्पष्ट ऐकू आलं, "एवढा शिकला, पन कामाचं काय शिकला नाय."

आता हा लेझर करतो तरी काय? तर प्रकाशाचा ठोका काढतो, तीस फेमटोसेकंदांचा. फेमटोसेकंद म्हणजे किती, हे सर पाहुण्यांना हौसेने सांगतात. एका सेकंदात जितके फेमटोसेकंद असतात, तितके सेकंद कुणी मोजायला बसलं तर मोजणी संपायला तीन कोटींहून जास्त वर्षं लागतील. ज्याच्या वेगाचं जगाला एवढं कौतुक, तो प्रकाशसुद्धा तीस फेमटोसेकंदांत केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा जेमतेम ओलांडतो. एवढा आखूड ठोका हातात असला की रेणूंची धावपळ टिपता येते. झाडाच्या पानावर ऊन पडतं, तेव्हा त्या पहिल्या क्षणात पानाच्या आत काय होतं, हे सरांना बघायचं आहे. एकोणीस वर्षं ते त्याच तयारीला लागले आहेत. स्वयंपाकघरातला गळका नळ बघायला मात्र त्यांना अजून सवड मिळालेली नाही, असं त्यांच्या पत्नी उज्वलावहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

या वेडाची सुरुवात एकलहऱ्याला झाली. वाल्मीकचे वडील तिथल्या वीज केंद्रात बॉयलरवर होते आणि हे कुटुंब कॉलनीत राहायचं. आठ-नऊ वर्षांचा वाल्मीक एकदा ट्यूबलाइटच्या उजेडात पंख्याकडे बघत आडवा पडला होता. वीज गेली, पुन्हा आली, पंखा वेग घेऊ लागला आणि मधेच त्याची पाती थांबल्यासारखी झाली. मग चक्क उलटी फिरू लागली. पोरगं घाबरून वडिलांकडे गेलं. वडील डबा भरत होते. ते म्हणाले, "पंखा बराबर फिरतोय. ट्यूब डोळे मिचकावते, सेकंदाला शंभर वेळा. तिच्या मिचकावण्यात पातं जिथं सापडेल तिथं तुला दिसतं." एवढं बोलून ते पाळीवर गेले, आणि पोरगं जन्मभराचं कामाला लागलं. मिचकावणं जितकं आखूड, तितकी वेगवान गोष्ट पकडता येते, हे त्याला त्या दिवशी उमगलं. पुढची पदवी, मुंबईतली पीएच.डी., जर्मनीतली चार वर्षं, हे सगळं त्या पंख्याच्या पात्यामागे धावणंच होतं.

जर्मनी सोडून नाशिकच्या कॉलेजात शिकवायला आलेल्या माणसाबद्दल लोकांना शंका येणारच. कुणी म्हणालं नोकरी गेली असेल, कुणी म्हणालं हवामान मानवलं नसेल. खरं कारण सरांनी कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगितल्यावर लोक आणखीच काळजीत पडले असते. जर्मनीत त्यांना तयार लेझर मिळाला होता. त्यांना तो स्वतः बांधायचा होता.

तो त्यांनी बांधला. कॉलेजच्या तळमजल्यावरची खेळाच्या सामानाची खोली मागून घेतली, फुटके कॅरम आणि हवा गेलेले फुटबॉल बाहेर काढले आणि हवेच्या पायांवर तरंगणारं दीड टनाचं टेबल आत आणलं. महागडा स्फटिक आणि त्याला प्रकाश पाजणारा हिरवा लेझर दिल्लीच्या अनुदानातून आला. आरसे, स्क्रू, पेटी, झाकण मात्र इथलंच, बरंचसं सातपूरच्या वर्कशॉपात उभं राहून करून घेतलेलं.

आणि त्याच खोलीत मंगळू गावित होता. सुरगाण्याच्या डोंगरातल्या गावाहून आलेला, सरांच्याच वयाचा, कॉलेजचा शिपाई. त्याचं काय काम होतं हे समजायला आधी लेझरचा एक स्वभाव समजायला हवा. पेटीत प्रकाशाच्या हजारो लहरी एकदम फिरत असतात. नाशिककराला हे सांगायला सरांकडे एकच उपमा आहे, ढोल पथकाची. हजार ढोल आपापल्या मर्जीने वाजले तर गोंगाट होतो. तेच हजार ढोल एका क्षणी पडले तर ठोका बसतो. लेझरच्या लहरी मनाने एका तालात येत नाहीत. त्यांना एक धक्का लागतो. म्हणून एका आरशाच्या मागच्या दांडीला बोटाने टिचकी मारायची. बरोबर बसली तर लहरी जुळतात आणि पडद्यावरच्या आलेखात सुईसारख्या बारीक टोकाच्या जागी छान रुंद डोंगर उभा राहतो. कमी पडली तर काही होत नाही, जास्त झाली तर आरसा हलतो. सरांची टिचकी सातात एकदा लागायची. एकदा सर कंटाळून बाहेर गेले असताना मंगळूने मारून बघितली आणि डोंगर उभा राहिला. तेव्हापासून टिचकी मंगळूची. "चिखलात भाताचं रोप खोवायला जेवढा जोर लागतो तेवढाच," एवढंच तो सांगायचा. जगातल्या कुठल्याही शोधनिबंधात हे माप नाही.

तर गोष्ट गेल्या दसऱ्याची. पाच वर्षांपूर्वी दिल्लीच्या समितीने सरळ लिहून दिलं होतं: पाच वर्षांत तीस फेमटोसेकंदांचा ठोका, सलग एक तास. नाही जमलं तर स्फटिक आणि हिरवा लेझर दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत जाईल. ती मुदत संपत आली होती आणि समिती येणार होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी बाराला. ऑगस्टपासून तीसचा ठोका मिळत होता, पण वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. सप्टेंबरच्या शेवटी तो तासभर टिकला. सर वजनाने चार किलो उतरले होते. यंत्र गेलं तर मागे उरणार होतं दीड टनाचं रिकामं टेबल आणि त्याच्याशेजारी बावन्न वर्षांचा एक रिकामा माणूस.

खंडेनवमीला मंगळू नेहमीप्रमाणे ताट घेऊन आला. झेंडूची फुलं, हळद, कुंकू, अक्षता. मग नेहमीचा वाद झाला.

"सर, औंदा तरी पेटीला लावू द्या. समिती येतीये."

"दाराला लाव. यूपीएसला लाव. पाणी थंड करायच्या मशीनला हार घाल. पेटीला नाही."

"तुमचे वडील बॉयलरला लावायचे, तुम्हीच सांगता."

"बॉयलरच्या पोटात आग असते रे! तिथं कुंकू काय, अख्खा नारळ गेला तरी पत्ता लागत नाही. इथं धुळीचा एक कण गेला तर आपला कारभार आटोपला."

मंगळूने दाराला, यूपीएसला आणि मशीनला पूजा केली, पेटीकडे बघून लांबूनच हात जोडले आणि ताट यूपीएसवर ठेवून घरी गेला.

दसऱ्याच्या सकाळी सर एकटेच खोलीत आले. यंत्र सुरू केलं. सातव्या टिचकीला ठोका लागला, एकतीसचा. अर्धा तास राहिला. मग त्यांनी यंत्र बंद केलं. आता निघायचं, घरी उज्वलावहिनी दसऱ्याच्या पूजेसाठी खोळंबल्या होत्या. पण सरांचा पाय निघेना. उद्याची समिती डोक्यातून जात नव्हती. त्यांची नजर यूपीएसवरच्या ताटाकडे गेली. मग दाराकडे. दार बंद होतं. मग खिडकीकडे. खिडकीला तर काळा कागदच होता. प्रकाशशास्त्रावर एकतीस शोधनिबंध लिहिलेल्या त्या माणसाने चोरासारखं ताटातलं कुंकू करंगळीशेजारच्या बोटावर घेतलं आणि पेटीच्या झाकणावर टेकवलं. हात जोडले. लगेच लाज वाटली. रुमालाने झाकण खसाखसा पुसलं. मग, जाता जाता शेवटचं बघून घेऊ, म्हणून झाकण उघडलं, चौथ्या आरशाचा स्क्रू उगाच थोडा मागे-पुढे केला, झाकण लावलं आणि घरी जाऊन गल्लीभर आपट्याची पानं वाटली.

शुक्रवारी सकाळी सातला मंगळू आणि सर दोघंही हजर. हिरवा लेझर तापला. मंगळूने डोळ्यांवर गॉगल चढवला, हात पँटला पुसला, टिचकी मारली. पडद्यावर सुई.

"पुन्हा."

सुई.

"पुन्हा मार."

"मारतोय सर. आज डोंगर येत नाय."

मंगळूची टिचकी सलग तीनदा वाया गेली, असं चौदा वर्षांत झालं नव्हतं. शक्ती मोजली तर चारशे ऐंशी मिलिवॉटच्या जागी दोनशे नव्वद. पाण्याचं तापमान बघितलं, बरोबर. हिरवा लेझर बरोबर. प्रिझमच्या त्रिकोणी काचा बरोबर. आठ वाजले. सर तेच तेच पुन्हा तपासायला लागले तसा मंगळूने त्यांच्या हातातला पाना हळूच काढून घेतला.

साडेआठला प्राचार्य डोकावले. कडक इस्त्री, खिशाला बॅज, मागे शाली-नारळाचं ताट घेतलेला कारकून. "काय बोडके, सज्ज?" असं म्हणत त्यांनी पेटीवर हात ठेवला, बोट उचलून डोळ्यांपाशी नेलं आणि त्यांचा चेहरा बदलला. झाकणाच्या कडेच्या खाचेत लाल रेघ राहिली होती.

"हे काय? कुंकू? मंगळू!"

मंगळूने खाचेकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं. सरांना वाटलं, आता बोलायचं. तोंड उघडलंसुद्धा. पण ते वळून पाण्याची नळी तपासायला लागले.

"तुला दरवर्षी सांगतात ना रे, पेटीला लावू नको म्हणून? यंत्र बंद पडलंय का यामुळे? बोडके, बंद पडलंय ना?" प्राचार्यांचा आवाज चढत गेला. "हा समितीसमोर नको इथे. जा घरी. भातकापणीची सुट्टी हवी होती ना तुला? घे आजपासून!"

मंगळू पेटीपासून बाजूला झाला. गॉगल काढून खुंटीला अडकवला, पायात चपला सरकवल्या आणि गेला. तो दाराशी थांबेल, असं सरांना वाटलं होतं. तो थांबला नाही. प्राचार्य सभागृहातल्या खुर्च्यांची व्यवस्था बघायला निघून गेले आणि बोडके सर खोलीत एकटे उरले.

मग त्यांना स्वतःचं बोट आठवलं.

त्यांनी झाकण काढलं, बारीक टॉर्च घेतली आणि चौथ्या आरशावर तिरकी धरली. तिथे एक ठसा होता. फिकट लाल, वाटाण्याएवढा. आणि त्या ठशाच्या मधोमध एक आडवी रेघ. लहानपणी सिन्नरला आजोळी जनावरांचा घास कापताना विळा लागला होता, त्या व्रणाची ती रेघ. पोलिसांना बोलावलं असतं तरी इतका पक्का पुरावा मिळाला नसता. विद्यार्थ्यांना हातमोज्यांवरून फैलावर घेणारा माणूस कुंकवाचं बोट तसंच घेऊन आत गेला होता.

पातळ कागदावर मिथेनॉलचा थेंब घेऊन त्यांनी ठसा पुसला. लाली गेली, पण मधे काळा ठिपका राहिला. सकाळपासून प्रकाश त्याच जागी पडत होता आणि त्याने कुंकू आरशाच्या थरात जाळून टाकलं होतं. दुसरा आरसा नव्हता. मागवला तर सहा आठवडे. एकच मार्ग होता: आरसा अर्धा मिलिमीटर बाजूला सरकवायचा, म्हणजे प्रकाश स्वच्छ जागेवर पडेल. पण एक आरसा हलला की बाकी सगळे पुन्हा जुळवावे लागतात. नेहमी दोन दिवस लागतात, आणि दोन माणसं. एकाने स्क्रू फिरवायचा, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. सव्वानऊ झाले होते. सरांनी लॉगबुक ओढलं, लिहिलं, "आरसा क्र. ४. डाग. कारण:" आणि पेन थांबलं. रकाना तसाच सोडून ते स्कूटरकडे पळाले.

मंगळूचा फोन बंद होता. पण सुरगाण्याला जाणारा माणूस कुठे सापडतो हे सरांना माहीत होतं. पेठ नाक्यावर जीप उभ्या असतात आणि जीप पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही. पूर्ण म्हणजे चौदा माणसं. दोन मागे लोंबकळतात ती वेगळी. आज सरांचं सगळं आयुष्य या एका नियमावर अडकलं होतं. चौदावा माणूस आला असेल तर संपलं.

जीप होती. ड्रायव्हर "एक सीट, एक सीट" असं ओरडत होता. मंगळू मागच्या बाकावर कोंबडीची टोपली मांडीवर घेतलेल्या एका बाईशेजारी दाबून बसला होता.

"मंगळू, उतर."

मंगळू समोरच्या टपाकडे बघत राहिला. "सुट्टी दिलीये मला."

"अरे, डाग सापडला. चौथ्या आरशावर. बारा वाजता लोक येतील."

"मंग विद्यार्थ्यांना बोलवा."

"विद्यार्थी दसऱ्याला गावी गेलेत. आणि ते कुणी तुझ्यासारखं..."

"मी कुंकू लावनारा मानूस हाय, सर. मला लांबच ठेवा पेटीपासून."

जीपमधली तेरा माणसं, एक कोंबडी आणि ड्रायव्हर, सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी आयुष्यात बऱ्याच परिषदांमध्ये भाषणं केली होती, एकदा व्हिएन्नामध्येसुद्धा. इतके श्रोते इतक्या जवळून त्यांना कधी मिळाले नव्हते.

"कुंकू मी लावलं," सर म्हणाले. "काल. गुपचूप. मी नको म्हटल्यावर तू राहिलास, मी राहिलो नाही. आणि मघाशी प्राचार्य तुला बोलत होते तेव्हा मी गप्प बसलो. चुकलं माझं."

"ठाऊक हाय," मंगळू म्हणाला.

"कसं?"

"ताटातल्या कुंकवात बोटाचा खळगा होता. त्याच्यात तुमच्या व्रणाची रेघ."

कोंबडीवाली बाई सरांना आपादमस्तक न्याहाळत म्हणाली, "मास्तर दिसतोय, आन् लबाडी करतोय." मग मंगळूकडे वळून, "उतर रं बाबा. एवढा मोठा मानूस रडाय लागंल आता."

"उतर काय, उतर काय!" ड्रायव्हर खवळला. "हा उतरला तर मला दोन सीटा भराव्या लागतील! अजून अर्धा तास!"

"मी उतरतोय," मंगळू म्हणाला आणि उतरला. स्कूटरवर बसताना एवढंच बोलला, "प्राचार्यांसमोर सांगा. जीपमधी सांगितलं, ते सुरगाण्याला पोचंल. कॉलेजात नाय पोचायचं."

दहा वाजून दहा मिनिटांनी दोघं पेटीवर वाकले. सरांनी आरसा सरकवला, मंगळूने पडद्यावर नजर ठेवली. "डावीकडं. थोडं. अजून थोडं. जास्त झालं, मागं." दोन तास खोलीत दुसरा आवाज नव्हता. एकदा सगळा प्रकाशच हरवला, पडद्यावर सुईसुद्धा उरली नाही. सरांनी डोळे मिटले, आणि मंगळूने "घाई नका करू, रोप मरंल" असं म्हणून त्यांना पुन्हा पहिल्या आरशापासून सुरुवात करायला लावली.

समिती अकरा चाळीसलाच आली. इथे कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच प्राचार्यांच्या भाषणाचा कुणाला तरी उपयोग झाला. त्यांनी संस्थेची स्थापना, संस्थापकांचं बालपण, नवी इमारत, जुनी इमारत, असं सगळं सांगितलं. मग शाली, मग नारळ, मग पोहे. समितीचे तीन सदस्य घड्याळाकडे बघत होते. तळमजल्यावर दोन माणसं ते भाषण संपू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडून होती.

बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी शक्ती चारशे साठवर आली. मंगळूने हात पँटला पुसला. जिन्यावर पावलं वाजत होती. टिचकी. सुई. टिचकी. सुई हलली, रुंदावली, आणि पडद्यावर डोंगर उभा राहिला. तेवढ्यात दार उघडलं.

समितीच्या अध्यक्षा डॉ. सविता हुद्दार साठीच्या होत्या, साताऱ्याच्या, तीस वर्षं दिल्लीत. त्यांनी ना चहा घेतला ना खुर्ची. पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तास सुरू. कुणी बोलू नका."

तो तास खोलीतल्या प्रत्येकाच्या कायमचा लक्षात आहे. ठोक्याची लांबी कोपऱ्यात दिसत होती: तेहेतीस. सर मनातल्या मनात तिला विनवत होते, पण ती उतरत नव्हती. एका सदस्याला खोकला आला. तो त्याने शालीत दाबला. एकेचाळिसाव्या मिनिटाला बाहेरच्या रस्त्यावरून वाळूचा ट्रक गेला आणि डोंगराचं टोक हललं. मंगळूचा हात आपोआप पुढे झाला. बाईंनी बोट वर केलं: हात लावायचा नाही. टोक हलत राहिलं. दहा सेकंद, वीस सेकंद. मग थांबलं.

तास भरला. कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. ते प्राचार्य होते.

बाईंनी लॉगबुक मागितलं. शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "आरसा चार. डाग. कारणाचा रकाना मोकळा का?"

प्राचार्य चटकन पुढे आले. "मॅडम, आमचा शिपाई जरा श्रद्धाळू आहे, त्याने..."

"नाही, सर," बोडके सर म्हणाले. "मंगळूने नाही. मी. दसऱ्याला झाकणाला कुंकू लावलं आणि त्याच बोटाने आत हात घातला. सकाळी तुम्ही त्याला बोललात, तेव्हा मी गप्प राहिलो. मंगळूला घालवला, तो माझ्यामुळे."

एका सदस्याने हसू दाबायला खिडकीवरच्या काळ्या कागदाचा अभ्यास सुरू केला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टॉर्च मागून घेतली, आरसा बघितला, काळा ठिपका बघितला.

"बत्तीस वर्षं मी लॉगबुकं वाचते," त्या म्हणाल्या. "वीज गेली, उंदीर आला, पुरवठादाराची चूक, सगळं असतं. स्वतःचं नाव कुणी लिहीत नाही. तुम्हीही लिहिलेलं नाही अजून. लिहा."

सरांनी पेन घेतलं आणि सगळ्यांसमोर लिहिलं: "कारण: वा. रा. बोडके यांचं बोट, कुंकवासह."

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "अट तीसची होती. आलेत तेहेतीस. नियमाने यंत्र मी नेलं पाहिजे."

सरांनी मान हलवली.

"सव्वानऊला डाग सापडला. साडेबाराला ठोका मिळाला. सगळे आरसे नव्याने जुळवून. कुणी केलं?"

"आम्ही दोघांनी."

"माझ्या संस्थेत याला चार जण आणि एक आठवडा लागतो." त्या मंगळूकडे वळल्या. "काय हो, हे यंत्र दक्षिणेत नेलं तर चालेल का?"

मंगळूने विचार केला. "चालंल की. पन त्याला टिचकी कोन मारनार? मला तिकडं यायचं तर कापणीला सुट्टी लागंल. आवणीला, भात लावायलाबी."

आता मात्र बाई हसल्या. पण लगेच त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला. त्यांनी पिशवीतून कागद काढला, दोन्ही सदस्यांशी इंग्रजीत हळू आवाजात बोलल्या. एकाने मान हलवली. दुसऱ्याने हलवली नाही. बाई पुन्हा बोलल्या. सर त्या दुसऱ्या सदस्याच्या मानेकडे असे बघत होते, जसे एकोणीस वर्षं फक्त पडद्याकडे बघत आले होते. शेवटी ती मान हलली. पूर्ण नाही, अर्धी.

"एक वर्ष," बाई सही करत म्हणाल्या. "पाच नाही. एक. पुढच्या वर्षी तीस हवेत, दोन तास. आणि एक जादा आरसा घ्या, त्याचे पैसे मी मंजूर करते. पानांचं काम आजच सुरू करा. तुमच्याकडे फार वेळ नाही." गाडीत बसताना त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "त्या माणसाची माफी मागा. आणि भाषण थोडं आखूड करा."

प्राचार्यांनी माफी मागितली, तीही लांबलचक. मंगळूने ती उभ्या उभ्या ऐकून घेतली.

चार वाजता सर अंगणातल्या जांभळाच्या झाडाखाली गेले, एक कोवळं पान तोडलं आणि घरी फोन लावला. तिकडे पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"अहो, राहिलं का गेलं?" उज्वलावहिनी.

सर पानावरची धूळ फुंकत होते.

"अहो! बोला ना! मी सकाळपासून काही खाल्लं नाहीये. राहिलं का?"

"राहिलं," सर म्हणाले. "एक वर्ष."

पलीकडे वहिनींनी नाक ओढलं. "एकच?"

"एकच."

"मग इथं कशाला बोलत बसलात? जा, कामाला लागा."

सरांनी फोन खिशात टाकला. हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, हातमोजे चढवले आणि जांभळाचं पान चिमट्यात धरून आत गेले. मंगळू झाकण उघडून उभा होता.